दुसरी उडी

लांब उडीच्या फायनलचा निकाल वर्तमानपत्रात येतो तेव्हा त्यात तीन नावं आणि तीन आकडे असतात. सुवर्ण, रौप्य, कांस्य, संपला विषय. अधिकृत निकालपत्रक मात्र वेगळं असतं. तिथे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे सहा रकाने असतात. वैध उडीचं अंतर, सोबत वाऱ्याचा वेग, फाउल झाला, म्हणजे उडताना पाय फळीच्या पुढे गेला, तर फुली, सोडून दिलेल्या प्रयत्नाला आडवी रेघ. एखादी मोठी फायनल बघून झाली की मी हे पत्रक उघडतेच, आणि ज्या फायनल बघायला मिळाल्या नाहीत त्यांचीही पत्रकं शोधून वाचते. विजेत्याच्या सर्वोत्तम उडीवर माझी नजर फार रेंगाळत नाही, ती तर सगळ्यांना पाठ असते. मी शोधते ती त्याची दुसरी उडी. क्रमाने दुसरी नव्हे, अंतराने. सर्वोत्तम उडी बाजूला ठेवली की उरलेल्यांत जी सगळ्यांत लांब, ती.

सहा प्रयत्न द्यायचे आणि एकच धरायचा, असा या खेळाचा रिवाज आहे. डेकॅथलॉनमध्ये दहा प्रकारांच्या गुणांची बेरीज होते, तिरंदाजीत प्रत्येक बाण मोजला जातो. लांब उडीत उरलेल्या पाच उड्या कुणी विचारत नाही. पुढचा खेळाडू धावपट्टीवर उभा राहायच्या आत खड्ड्यातली वाळू सपाट झालेली असते, आधीच्या खुणा गेलेल्या असतात. या पाचांपैकी एकीला मात्र कधीतरी अचानक बोलावणं येतं. दोघांची सर्वोत्तम उडी सेंटिमीटरला सेंटिमीटर जुळली, तर दोघांची दुसरी उडी बघतात. तीही जुळली तर तिसरी.

2 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये हेच झालं. क्यूबाचा हुआन मिगेल एचेव्हारिया 8.41 मीटरवर आघाडीला होता. त्याचाच देशबंधू मायकेल मासो 8.21 घेऊन पाठोपाठ. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा ग्रीसचा मिल्टियाडिस टेंटोग्लू पदकांच्या बाहेर होता. शेवटच्या प्रयत्नात तो उडाला आणि फलकावर आकडा आला 8.41. बरोबरी! एचेव्हारियाचा एक प्रयत्न अजून शिल्लक होता, पण त्याचा पाय दुखावलेला. तो धावला, फळीपर्यंत आला, आणि उडी मारूच शकला नाही. मग दोघांच्या दुसऱ्या उड्या बघितल्या गेल्या. टेंटोग्लूची 8.15, एचेव्हारियाची 8.09. सुवर्णपदक सहा सेंटिमीटरने ग्रीसला गेलं, आणि ते सहा सेंटिमीटर अशा उड्यांमधले होते ज्यांच्याकडे त्या सकाळी कुणाचंही लक्ष नव्हतं. महामारीमुळे स्टेडियममध्ये प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे त्या 8.15 ला टाळीसुद्धा मिळाली नसणार.

पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत हा नियम आपल्या अंगावर आला. मुरली श्रीशंकरने पाचव्या प्रयत्नात 8.08 मीटर उडी मारली. बहामाजच्या लाक्वान नेर्नची सर्वोत्तम उडीही 8.08 च. नेर्नची दुसरी उडी 7.98, श्रीशंकरची 7.84. लांब उडीत राष्ट्रकुलचं रौप्यपदक मिळवणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला. 1978 मध्ये एडमंटनला सुरेश बाबूंनी कांस्य मिळवलं होतं, त्यानंतर थेट हेच. आनंद मोठाच होता, मलाही झाला. पण त्या रात्री माझ्या डोक्यात 7.84 हा आकडा घोळत राहिला. चांगल्या दिवशी श्रीशंकर त्याहून कितीतरी पुढे पडतो. त्याहून पंधरा सेंटिमीटर लांब अशी एक साधी, बिनधोक उडी त्याच्या नावावर असती, तर पदकाचा रंग बदलला असता.

पण बिनधोक उडी म्हणावी अशी उडी असते का, हा खरा प्रश्न आहे. दूरचित्रवाणीवर लांब उडी फार सोपी दिसते. माणूस धावतो, उडतो, वाळूत पडतो. प्रत्यक्षात जे काही ठरायचं ते हवेत जाण्याआधीच ठरलेलं असतं. जागतिक दर्जाचा पुरुष खेळाडू चाळीसेक मीटरचा रन-अप घेतो, साधारण वीसेक पावलांचा, आणि फळीजवळ येईतो त्याचा वेग सेकंदाला दहा मीटरच्या पुढे गेलेला असतो. या वेगात त्याला वीस सेंटिमीटर रुंदीच्या पांढऱ्या फळीवर पाऊल टाकायचं असतं. तेही खाली न बघता, कारण मान झुकली की वेग मोडतो आणि कंबर बसते. उपान्त्य पाऊल किंचित लांब पडतं, त्यात शरीर थोडं खाली येतं. शेवटचं पाऊल आखूड आणि झटपट. फळीवर तळवा टेकून सुटेपर्यंत जातो तो सेकंदाचा जेमतेम आठवा भाग. तेवढ्यात आडवा वेग शक्य तितका राखून अंगाला वर उचलायचं. हवेत पाय चालवल्यासारखे हलताना दिसतात ते पुढे जाण्यासाठी नसतात, फळीवरून सुटताना अंग पुढे कोलमडू पाहतं, ते सावरण्यासाठी असतात. एकदा पाय सुटला की किती लांब जायचं हे बहुतेक ठरून गेलेलं असतं. हाती उरतं ते नीट उतरणं.

आणि उतरण्यातही घात होतो. अंतर मोजतात ते फळीच्या सगळ्यांत जवळच्या खुणेपासून, मग ती टाचेची असो, पाठीची असो की बोटाची. 2016 मध्ये रिओला अमेरिकेच्या जॅरियन लॉसनने शेवटच्या प्रयत्नात जी उडी मारली ती बघताना मी उठून उभीच राहिले होते. जेफ हेंडरसन 8.38 वर, दक्षिण आफ्रिकेचा लुवो मान्योंगा 8.37 वर, आणि लॉसनचे पाय पडले ते त्यांच्या आसपास किंवा पुढेच. तो स्वतः जिंकल्यासारखा उभा राहिला. फलकावर आकडा आला 7.78. खाली येताना त्याचा मागे राहिलेला डावा हात वाळूला निसटता लागला होता. चित्रफीत हळू करून बघितली की बोटांनी उडालेली वाळू दिसते. इतकीशीच. लॉसन 8.25 वर चौथा राहिला.

म्हणून मला वाटतं की सर्वोत्तम उडीत नशिबाचा वाटा थोडा तरी असतोच. पाऊल नेमकं फळीच्या काठावर पडलं, वारा त्याच क्षणी पाठीशी आला, हात मागे राहिला नाही. एकदा सगळं जुळू शकतं. दुसऱ्यांदा तसंच जुळवून आणायला माणूस तयारीचा लागतो. खेळाडू त्या दिवशी नेमका किती चांगला होता, हे मला त्याच्या दुसऱ्या उडीवरून कळतं.

याच कारणासाठी 30 ऑगस्ट 1991 चं टोकियोतल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं पत्रक मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं आहे. कार्ल लुईस तेव्हा लांब उडीत दहा वर्षं हरला नव्हता, सलग 65 स्पर्धा. पाच दिवसांपूर्वी त्याच स्टेडियममध्ये त्याने 100 मीटर 9.86 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला होता. माईक पॉवेलने त्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये लुईस 8.72, पॉवेल 8.49. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पॉवेल जिंकता जिंकता एका सेंटिमीटरने मागे पडला होता.

लुईसचे सहा रकाने असे आहेत: 8.68, फुली, 8.83, 8.91, 8.87, 8.84. पॉवेलचे असे: 7.85, 8.54, 8.29, फुली, 8.95, फुली.

एवढ्या दोन ओळी. पण त्या सावकाश वाचाव्यात. लुईसच्या 8.83 आणि 8.91 या उड्यांना पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त होता. अशी उडी विक्रमाला धरत नाहीत, स्पर्धेला मात्र धरतात. म्हणजे 8.91 मारून लुईस बॉब बीमनच्या 8.90 या 1968 च्या विश्वविक्रमाच्या पुढे एक सेंटिमीटर गेला आणि तरी विक्रम बीमनचाच राहिला. मग पाचव्या फेरीत पॉवेलची ती उडी. वारा फक्त 0.3. मधल्या त्या मिनिटात पॉवेल फलकाकडे बघत हात जोडून उभा असतो, आणि 8.95 दिसल्यावर धावत सुटतो, दिसेल त्याला मिठी मारतो. तेवीस वर्षांचा विक्रम मोडलेला असतो. सगळ्या जगाने ही पाच-सात मिनिटं बघितली आणि लक्षात ठेवली, ते रास्तच आहे.

मला त्यानंतरचं जास्त बघावंसं वाटतं. लुईसच्या हातात अजून दोन प्रयत्न होते. समोर जगातला सगळ्यांत मोठा आकडा, तोही चार मिनिटांपूर्वी नव्हता असा. पाचव्या प्रयत्नात त्याने 8.87 मारली, वारा किंचित समोरून. नियमात बसणारी ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत लांब उडी. सहाव्या प्रयत्नात 8.84. म्हणजे एकाच संध्याकाळी चार उड्या 8.80 च्या पुढे. असं ना त्याआधी कुणी केलं होतं, ना त्यानंतर कुणी केलं. आणि तो हरला.

मी कागदावर हिशोब मांडून बघितला. लुईसच्या पाच वैध उड्यांची सरासरी 8.82 च्या वर येते. पॉवेलच्या चार वैध उड्यांची 8.40 च्या आसपास. दुसरी उडी बघायची तर लुईसची 8.87 आणि पॉवेलची 8.54, तेहतीस सेंटिमीटरचं अंतर. पॉवेलची एक उडी सोडली, तर त्या रात्री तो लुईसच्या जवळपासही नव्हता. पण ती एक उडी सोडता येत नाही, कारण स्पर्धा तिचीच असते. यात पॉवेलला कमी लेखण्याचा हेतू अजिबात नाही. इतकी वर्षं हरून, चौथ्या प्रयत्नात मोठी उडी फाउल झाल्यावर गुडघे टेकून फळीवरची खूण बघत बसलेला माणूस पुढच्या फेरीत 8.95 मारतो, याला छाती लागते. मी एवढंच म्हणते की त्या रात्री लांब उडीच्या इतिहासातली सर्वोत्तम उडी एकाची होती आणि सर्वोत्तम कामगिरी दुसऱ्याची, आणि पदकं वाटताना पहिलीलाच जागा होती. मला दोन्ही हव्या आहेत.

बीमनचं पत्रक याच्या अगदी उलट टोकाला आहे. 18 ऑक्टोबर 1968, मेक्सिको सिटी. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचावरची विरळ हवा, वारा नेमका 2.0, म्हणजे परवानगीच्या काठावर. पात्रता फेरीत त्याचे पहिले दोन प्रयत्न फाउल झाले होते. तिसराही गेला असता तर फायनल तो बाकावरून बघत बसला असता. फायनलला पहिल्याच उडीत तो इतका पुढे पडला की अंतर मोजण्यासाठी बसवलेलं दृक्-उपकरण तिथवर पोचेना, पोलादी टेप आणावी लागली. 8.90. आधीचा विक्रम 8.35 होता. 1935 मध्ये जेसी ओवेन्सने 8.13 मारली तिथपासून 8.35 पर्यंत यायला जगाला तीस वर्षांहून जास्त काळ लागला होता, तेवीसही सेंटिमीटर वाढले नव्हते. बीमनने एका झटक्यात पंचावन्न वाढवले. आकडा कळला तेव्हा त्याचे पाय गळाले आणि तो खाली बसला. त्यानंतर त्याने एक उडी मारली, 8.04, आणि पुढे रेघा. सर्वोत्तम आणि दुसरी यांत शहाऐंशी सेंटिमीटर. रौप्य जिंकलेल्या क्लाउस बेअरची उडी 8.19 होती. बीमन पुन्हा कधी त्या आकड्याच्या आसपासही फिरकला नाही. दुसऱ्या उडीच्या माझ्या मोजपट्टीने बघितलं तर हे पत्रक काहीच सांगत नाही, आणि तरी मी ते पुन्हा पुन्हा उघडते. ज्या खेळात असं होऊ शकतं त्याला सरासरीने बांधू नये, हे मलाही मान्य आहे.

1991 च्या टोकियोच्या त्या फायनलमध्ये तिसरा आलेला लॅरी मिरिक्स मात्र कुणाला आठवत नाही. त्याच्याबद्दल मला फार वाटतं. लुईसची दहा वर्षांची अपराजित मालिका सुरू होण्याआधी त्याला शेवटचं हरवणारा हाच, 1981 मध्ये. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तो फायनलला पोचला आणि सराव करताना त्याचा घोटा मोडला. 1980 मध्ये अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला. आणि 1987 च्या रोम जागतिक स्पर्धेत जे झालं ते तर वाचवत नाही. मिरिक्सच्या नावावर 8.33 होती, तिसरं स्थान. इटलीच्या जोव्हानी इव्हान्जेलिस्टीने शेवटची उडी मारली आणि फलकावर 8.38 झळकली. यजमान देशाला कांस्यपदक. डोळ्यांना ती उडी तेवढी दिसत नव्हती, आणि नंतरच्या चौकशीत निघालं की अधिकाऱ्यांनी तो आकडा आधीच ठरवून ठेवला होता. यात खुद्द इव्हान्जेलिस्टीचा हात नव्हता. पुढच्या वर्षी निकाल दुरुस्त झाला आणि कांस्य मिरिक्सकडे आलं. पण पदक समारंभ परत होत नसतो. चार वर्षांनी टोकियोत मिरिक्सने 8.42 मारली, आणि समोर दोन माणसं अशी होती की ती उडी कुणाच्या डोळ्यांतही भरली नाही. एरवी 8.42 वर जागतिक सुवर्ण मिळून जातं. 2025 मध्ये त्याच टोकियोत, नव्या स्टेडियममध्ये, इटलीचा वीस वर्षांचा मात्तिया फुर्लानी 8.39 वर विश्वविजेता झाला.

गेल्या काही वर्षांत या खेळाचे नियम बदलण्याची भाषा झाली. 2024 मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने एक कल्पना पुढे आणली: फळीच काढून टाकायची, तिथे एक रुंद पट्टा आखायचा आणि खेळाडूचा पाय जिथून सुटेल तिथूनच अंतर मोजायचं. कारण असं की 2023 च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत साधारण एक तृतीयांश उड्या फाउल गेल्या, आणि फाउल हा प्रेक्षकाचा वाया गेलेला वेळ. लुईसने या कल्पनेला उघड विरोध केला. माझाही आहे. दोन तासांच्या स्पर्धेत पंधरा-वीस लाल झेंडे बघणं कंटाळवाणं होतं, ही तक्रार मी समजू शकते. पण फळी काढली तर उरेल ती नुसती धाव आणि नुसती ताकद. पूर्ण वेगात असताना पावलाचा अंदाज राखणं, हे या खेळातलं निम्मं कौशल्य आहे. पहिल्या प्रयत्नात थोडं मागून, सांभाळून उडायचं आणि आकडा नावावर लावायचा, मग पुढच्या प्रयत्नांत काठ गाठायचा, हा जो डाव प्रत्येक खेळाडू आतल्या आत खेळत असतो तोही जाईल. दुसरी उडी बहुतेकदा याच सावधपणातून आलेली असते. टेंटोग्लूला त्या 8.15 ने सोनं दिलं ते फुलीची भीती होती म्हणूनच.

आणि पॉवेलची ती चौथी उडी बघा. पट्ट्याचा नियम असता तर ती मोजली गेली असती. किती होती ते कळलं असतं, कदाचित लुईसच्या पुढेही निघाली असती. पण मग तो गुडघ्यांवर बसला नसता, पंचांकडे हात पसरून बघितलं नसतं, रन-अपची खूण जराशी मागे-पुढे करण्याचा विचारही त्याच्या मनात आला नसता. पाचव्या प्रयत्नासाठी तो धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या नावापुढे सर्वोत्तम आकडा 8.54 असतो आणि एक ताजी फुली. जागतिक विक्रम त्या फुलीनंतरच्या रकान्यात आहे.